एप्रनवरची गाडी कोणाची?

कोल्हापूरच्या विमानतळाचा विषय निघाला की बोलणे दोनच गोष्टींवर येते: धावपट्टी किती वाढली आणि नवे विमान कोणत्या गावाला सुरू होणार. यात चूक काहीच नाही. छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये उजळाईवाडीच्या माळावर हा विमानतळ उभारला, आणि त्यानंतर विमानसेवा सुरू होणे व काही काळाने बंद पडणे हे इथे इतक्यांदा घडले की विमान नियमितपणे येते हीच कोल्हापूरकराला बातमी वाटते. २०१८ मध्ये छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेखाली सेवा पुन्हा सुरू झाली, १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले, धावपट्टी १,९३० मीटरपर्यंत आली आणि ती २,३०० मीटर व्हावी अशी मागणी आता होते आहे. मात्र टर्मिनलचे काचेचे दार आणि विमानाची शिडी यांच्यामध्ये जी थोडकी मोकळी जागा असते, तिच्याविषयी कोणी बोलत नाही. विमान जिथे उभे राहते त्या फरसबंद आवाराला एप्रन म्हणतात. तिथे सामानाचे ट्रॅक्टर, ट्रॉल्या, शिड्या, रॅम्प, सामान चढवणारे पट्टे, विमानाला वीज पुरवणारे गाडे अशी बरीच वाहने फिरत असतात. ही वाहने कोणाच्या मालकीची असावीत, असा साधा प्रश्न या लेखात विचारायचा आहे. माझ्या मते ती विमानतळाच्या मालकीची आणि सर्व विमान कंपन्यांच्या सामाईक वापराची असावीत, आणि कंपन्यांनी वापरापुरते भाडे द्यावे. प्रश्न हिशेबाच्या वहीतला वाटतो खरा, पण व्हीलचेअरवरचा प्रवासी विमानात कसा चढतो, डिझेलचा धूर कोणाच्या नाकात जातो आणि पुढची कंपनी कोल्हापुरात यायला किती कचरते, या तिन्ही गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत.

आधी वाहनांविषयी. हंगामात कागल किंवा शिरोळच्या रस्त्याने ज्याने उसाची वाहतूक पाहिली आहे, त्याला लगेज ट्रॅक्टर वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ट्रॅक्टरमागे दोन गाड्या जोडून ओढणारे आपले अंगद आणि सामानाच्या तीन-चार ट्रॉल्या ओढणारा विमानतळावरचा छोटा ट्रॅक्टर हे एकाच कल्पनेचे दोन अवतार आहेत: ओढणारे यंत्र वेगळे, वाहणारा डबा वेगळा, आणि मध्ये एक पिन. डबा भरला जात असताना ट्रॅक्टर दुसरीकडे कामाला जाऊ शकतो, हे या साधेपणाचे मर्म आहे. त्याला पर्याय शोधण्याचे प्रयत्न झालेले आहेत. अमेरिकेतील डेन्व्हर विमानतळाने संपूर्ण सामान रुळांवरून आपोआप पळवणारी यंत्रणा उभारायला घेतली. ती नीट चालेना म्हणून विमानतळाचे उद्घाटन सोळा महिने लांबले, अखेर १९९५ मध्ये विमानतळ सुरू झाला, आणि दहा वर्षांनी, २००५ मध्ये, ती यंत्रणा मोडीत काढून तिथले लोक पुन्हा ट्रॅक्टर आणि ट्रॉलीकडे वळले. तेव्हा कोल्हापूरसारख्या विमानतळाने वाहनांच्या बाबतीत फार दिपून जाण्याचे कारण नाही. लागणारी यंत्रे साधी आहेत. गुंता आहे तो त्यांच्या मालकीचा.

आपल्याकडची रूढ पद्धत अशी की विमान कंपनी स्वतः, किंवा विमान जमिनीवर असतानाची कामे करायला तिने नेमलेली ग्राउंड हँडलिंग एजन्सी, आपापली वाहने आणते. दिवसाला शेकडो विमाने हाताळणाऱ्या विमानतळावर हे निभावून जाते, कारण तिथे एखादा ट्रॅक्टर जेमतेम थंड होतो तोच पुढचे विमान येते. छोट्या विमानतळाचा हिशेब निराळा असतो. समजा, एका कंपनीच्या दिवसातून तीन फेऱ्या आहेत आणि प्रत्येक विमान अर्धा-पाऊण तास जमिनीवर थांबते. म्हणजे तिचा ट्रॅक्टर दिवसातून दोन तास राबतो आणि बाकी वेळ उन्हात किंवा पावसात उभा राहतो. शेजारच्या कंपनीचाही तसाच उभा राहतो. ज्या वस्तू स्वस्त आहेत त्या अशा रीतीने दोन-दोन, तीन-तीन होतात. महाग वस्तूंच्या बाबतीत नेमके उलट घडते. व्हीलचेअर उचलून थेट विमानाच्या दारापर्यंत नेणारी ॲम्ब्युलिफ्ट आठवड्यातून चार वेळा लागणार असेल, तर एकट्या कंपनीला ती परवडत नाही. मग ती कोणीच घेत नाही आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. जिथे एक पुरे तिथे तीन, आणि जिथे एक हवीच तिथे एकही नाही: वेगवेगळ्या मालकीचा छोट्या विमानतळावरचा हा ठरलेला परिणाम आहे.

हे नुसते गणित राहत नाही, हे मला एका वेगळ्याच गावच्या विमानतळावर कळले. माझी आत्या, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे निकामी. टर्मिनलच्या दारापासून विमानाच्या शिडीपर्यंत तिला व्हीलचेअरवरून अदबीने नेले, आणि शिडीपाशी सगळे थांबले. रॅम्प कुठे आहे असे विचारल्यावर तो दुसऱ्या कंपनीचा आहे असे उत्तर मिळाले, आणि खरेच तो हाकेच्या अंतरावर रिकामा उभा होता. शेवटी सामान चढवणाऱ्या दोन पोरांनी तिला खुर्चीसकट उचलून वर नेले. पोरे भली होती, त्यांचा दोष काडीचाही नव्हता. सीटवर बसल्यावर आत्या बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, “पोत्यागत उचललं की रे मला.” त्या दिवशी त्या एप्रनवर वाहनांची कमतरता नव्हती, हे मी विसरू शकत नाही.

कायदा या बाबतीत प्रवाशाच्या बाजूचा आहे. २०१२ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष यांना विमानातून उतरवण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्यांना दहा लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला आणि दिव्यांग व्यक्तीची प्रतिष्ठा हा हक्काचा विषय आहे, दयेचा नव्हे, हे स्पष्ट केले. त्याच वर्षी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार अशा प्रवाशाला टर्मिनलपासून विमानापर्यंत लागणाऱ्या मदतीचे वेगळे पैसे घेता येत नाहीत, आणि जिथे एरोब्रिज, म्हणजे इमारतीतून थेट विमानाच्या दारात नेणारा पूल नाही, अशा आपल्या काही विमानतळांसाठी भारतीय विमानतळ प्राधिकरणाने स्वतः ॲम्ब्युलिफ्ट घेतल्या आहेत. हा शेवटचा भाग माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. एक वाहन विमानतळाने घ्यावे आणि सर्व कंपन्यांनी वापरावे हे तत्त्व म्हणजे आपल्या व्यवस्थेने आधीच मान्य केले आहे. फक्त ते एकाच वाहनापाशी थांबले आहे. ॲम्ब्युलिफ्ट सामाईक चालते, तर रॅम्प का नाही, शिडी का नाही, ट्रॅक्टर का नाही, याचे पटणारे उत्तर मला मिळालेले नाही.

कोल्हापुरात हा प्रश्न थोडा अधिक टोकदार आहे, कारण इथे येणारी विमाने एका जातीची नाहीत. एटीआर ७२ हे पंख्याचे विमान जमिनीला बरेच लगटून असते. त्याचे प्रवासी दार मागच्या बाजूला असते आणि शिडी त्या दारातच बसवलेली असते. दाराचा उंबरा सव्वा मीटरच्या आसपास, त्यामुळे तिथे बऱ्यापैकी लांब उताराचा एक रॅम्प ठेवला तरी व्हीलचेअर ढकलत आत नेता येते. एम्ब्रेअरसारख्या जेटचे दार त्याहून उंच असते. उद्या धावपट्टी वाढून एअरबस ए ३२० आले तर उंबरा सुमारे साडेतीन मीटरवर जाईल, आणि तिथे रॅम्प घालायचा तर तो तीन वळणे घेत न्यावा लागेल. आज या मार्गावर जी कंपनी आहे ती पुढच्या वर्षी असेल याची खात्री नसते, आणि असली तरी तेच विमान आणेल याचीही नसते. अशा स्थितीत वाहने कंपनीच्या मालकीची असली की विमानसेवा बंद पडताच विमानाबरोबर तीही निघून जातात, आणि नव्या कंपनीला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. कोल्हापूरने हा खेळ इतक्यांदा पाहिला आहे की निदान जमिनीवरचे सामान तरी आपले, जमिनीवरच राहणारे असावे, असे आपल्याला केव्हाच सुचायला हवे होते.

खरे तर हा विचार आपल्याला शिकवावा लागू नये. पंचगंगा-भोगावतीच्या काठच्या कोणत्याही गावात विचारा. नदीचे पाणी तीन किलोमीटर लांबच्या माळावर चढवायला पंप आणि पाइपलाइन एकट्या शेतकऱ्याला परवडत नव्हती, म्हणून पाणीपुरवठा संस्था निघाल्या; ज्याचे जेवढे क्षेत्र भिजते त्याने तेवढी पाणीपट्टी द्यायची. प्रत्येकाने आपापला पंप बसवायचा ठरवले असते तर नदीकाठच्या दहा-बारा घरांचे मळे पिकले असते आणि वरची माळराने कोरडी राहिली असती. एप्रनवरच्या महाग यंत्राचे गणित तंतोतंत हेच आहे.

मोठ्या विमानतळांनीही हे मान्य करायला सुरुवात केली आहे. हाँगकाँगच्या विमानतळ प्राधिकरणाने २०१८ पासून एप्रनवरील वाहने स्वतः विकत घेऊन ती एजन्सींना सामाईक वापरासाठी देण्याची पद्धत सुरू केली. त्यांची अडचण जागेची होती: इतक्या कंपन्यांची इतकी वाहने उभी करायची कुठे? आपली अडचण फेऱ्यांच्या कमतरतेची आहे. दुखणे वेगळे, औषध एक.

आता विजेच्या वाहनांविषयी, कारण या विषयावर आपल्याकडे घोषणा पुष्कळ होतात आणि हिशेब कोणी मांडत नाही. विजेवरच्या ट्रॅक्टरला विमानतळाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. जमीन सपाट, वेग सायकलच्या बेताचा, अंतर काहीशे मीटरचे, आणि दर खेपेनंतर गाडी त्याच जागी परत येणार. मोटारीत बॅटरीचे वजन हा दोष ठरतो. ओढणाऱ्या ट्रॅक्टरला वजन हवेच असते, नाहीतर चाके जागच्या जागी घसरतात. विजेची मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते, आणि उभी असताना काहीच जाळत नाही. शिवाय एटीआरला जमिनीवर वीज देणारे वेगळे छोटे इंजिन, म्हणजे एपीयू, नसते. त्यामुळे बाहेरून वीज मिळाली नाही तर उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेकने थांबवून ते इंजिन चालूच ठेवतात आणि त्यावर दिवे व वातानुकूलन चालवतात. विमान कंपन्यांच्या भाषेत याला हॉटेल मोड म्हणतात. डाव्या बाजूला मागून प्रवासी चढत असतात, त्याच डाव्या बाजूला पुढच्या दारातून सामान भरले जात असते, आणि पलीकडे इंजिन घोंगावत असते. वीज पुरवणारा एक चांगला गाडा तयार असेल तर हे इंधन वाचते आणि तो आवाजही थांबतो.

इतके सगळे अनुकूल असूनही विजेची वाहने सावकाश येतात, याचे कारण पुन्हा मालकीतच आहे. विजेचे वाहन घेताना महाग आणि चालवताना स्वस्त असते; म्हणजे ते जितके जास्त राबेल तितक्या लवकर त्याची किंमत वसूल होते. दिवसाला दोन तास चालणाऱ्या ट्रॅक्टरवर ती वसूल होत नाही. त्यातून एजन्सीचा करार काही थोड्या वर्षांचा असतो आणि ट्रॅक्टर त्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. उद्या आपले काम राहील की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने पंधरा वर्षांचा विचार करून यंत्र घ्यावे अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. तो जुना, धूर ओकणारा डिझेल ट्रॅक्टरच घेऊन येणार. विमानतळ मात्र कुठे जाणार नाही. तीन कंपन्यांच्या फेऱ्यांसाठी तोच ट्रॅक्टर सहा तास चालला, तर विजेचे गणित जुळते. कोचीच्या विमानतळाने २०१५ मध्ये बारा मेगावॉटच्या सौर प्रकल्पावर आपली सगळी विजेची गरज भागवून दाखवली. उजळाईवाडीच्या माळावर दोन-चार ट्रॅक्टर भारित करायला त्याच्या शतांश क्षमताही पुरेल.

विरोधातले मुद्दे मी हलके मानत नाही. पहिला वेळेचा. एटीआरसारखे विमान अर्ध्या तासात परत उडायचे असते, आणि उशिराचा दोष कंपनीच्या माथी येतो. मग कंपनीने दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर विसंबावे का? एकाच वेळी दोन विमाने आली तर आधी कोणाचे सामान उतरवायचे? याला उत्तर असे की सामाईक म्हणजे एकच नव्हे. एका वेळी जितकी विमाने उभी राहू शकतात तितके संच आणि वर एक राखीव, एवढे ठेवले तरी एकूण संख्या आजच्या रूढ पद्धतीपेक्षा कमीच भरेल. विमानांचे वेळापत्रक आधीपासून ठाऊक असते. ऐनवेळी फक्त उशिराच्या विमानाचा प्रश्न उरतो.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो, कारण तो आपल्या अनुभवातून आलेला आहे. सार्वजनिक मालकीची वस्तू गंजते. महापालिकेच्या आवारात टायर बसलेल्या गाड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. नदीकाठच्या ज्या पाणीपुरवठा संस्थांचे मी वर कौतुक केले, त्यांतल्या कित्येक वीजबिल थकून बसल्या आहेत. तेव्हा नुसती मालकी बदलून भागणार नाही. वाहन विमानतळाचे असावे, पण त्याची देखभाल करणाऱ्याला पैसे मिळावेत ते वाहन चालू स्थितीत उपलब्ध राहिल्याच्या तासांवर. ज्या दिवशी रॅम्प किंवा लिफ्ट बंद, त्या दिवशीचे पैसे बंद. आणि कंपन्यांकडून भाडे घ्यावे ते प्रत्येक फेरीमागे, महिन्याच्या ठोक रकमेने नव्हे, म्हणजे दिवसाला एकच फेरी करणाऱ्या नव्या कंपनीवर ओझे पडत नाही. उडानच्या फेऱ्यांना विमान उतरवण्याचे आणि उभे करण्याचे शुल्क माफ असते, मग हे भाडे का, असे कोणी विचारील. माफीचा उद्देश छोट्या मार्गाचा खर्च कमी करणे हाच होता. वाहनांचा ताफा विकत घेण्याऐवजी तासाने भाड्याने मिळणे हे त्याच उद्देशाचे पुढचे पाऊल आहे.

देखभालीच्या बाबतीत कोल्हापूरइतके नशीबवान गाव शोधावे लागेल. म्हादबा मिस्त्रींच्या काळापासून इथे ऑइल इंजिने ओतली आणि जोडली गेली. शिवाजी उद्यमनगरात सकाळी तुटलेली पिन दुपारपर्यंत नवी होऊन मिळते, आणि गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत तर विमानतळाच्या कुंपणापलीकडेच म्हणावी इतकी जवळ आहे. ट्रॉली, रॅम्प, शिडी ही यंत्रे इथल्या कारखानदारांच्या हातची आहेत. विमानाला टेकणाऱ्या प्रत्येक वस्तूला सुरक्षेची मानके लागतात, ती अर्थात पाळावीच लागतील. तिथे आपले नेहमीचे “चालतंय की” चालणार नाही.

बसविषयी थोडेसे सांगायला हवे, कारण वाहनांचा विषय निघाला की लोकांच्या मनात प्रथम बसच येते. वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर १९६२ मध्ये एरो सारिनेन यांच्या आराखड्यानुसार प्रतीक्षागृहच चाकांवर बसवले होते: प्रवासी त्यात बसायचे आणि ते गृह विमानापर्यंत चालत जायचे. कल्पना देखणी होती. पण गर्दी वाढली तशी ती अपुरी पडली आणि विमानांना थेट इमारतीशी जोडणारे मार्ग पुढे आले. कोल्हापुरात विमान टर्मिनलच्या समोरच उभे राहते. तिथे धडधाकट प्रवाशाला दीडशे पावलांसाठी बसमध्ये कोंबून पुन्हा उतरवणे यात डामडौलापलीकडे काही नाही. आखलेल्या वाटेने माणसे चालत जाऊ शकतात, आणि जुलैच्या पावसात छत्र्या किंवा छताची सरकती वाट पुरते. वाहनांवर खर्चायला जो पहिला रुपया हातात येईल, तो चालू न शकणाऱ्यासाठी खर्चावा. दुसरा सामान उचलणाऱ्या पोरांच्या पाठीसाठी, म्हणजे चढत्या पट्ट्याच्या गाडीसाठी. आणि बसचा क्रम सर्वांत शेवटी लागावा. तिरुपतीला जाणारी म्हातारी माणसे या मार्गांवर किती असतात हे वेगळे सांगायला नको. अंबाबाईला नवरात्रात तिरुपतीहून शालू येतो, तो नाते सांगत येतो. त्या नात्याने निघालेल्या आजीला शिडीपाशी अडकवून ठेवणे कोल्हापूरला शोभत नाही.

हे सगळे कोणाला सांगायचे, याची सोयही आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर खासदारांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती असते. तिच्या बैठकांच्या बातम्यांत नव्या मार्गांची आणि धावपट्टीची चर्चा वाचायला मिळते. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर एक विषय वाढवावा: एप्रनवर आज कोणाच्या मालकीची कोणती वाहने आहेत, त्यांतली किती चालू आहेत, आणि चालू न शकणारा प्रवासी इथे येणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या विमानात नेमका कसा चढतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर घेऊ नये. समितीच्या सदस्यांपैकी एकाने व्हीलचेअरवर बसावे आणि बाकीच्यांनी त्याला टर्मिनलच्या दारापासून सीटपर्यंत नेऊन दाखवावे.